लळिंगवरून आपलं घर दिसत नाही

देवपूर, धुळे
२३ नोव्हेंबर

ती. आई व नाना यांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बोलता येईना म्हणून लिहायला घेतलं. नाना, फाटकाजवळच्या छाटलेल्या पामाबद्दल दर रविवारी तुम्ही पुण्याहून विचारता, "फुटवा आला का गं?" आणि मी दर रविवारी "अजून गेले नाही तिकडे, बघते" म्हणून विषय आईच्या गुडघ्यावर नेते. ते खोटं होतं. वाडीभोकर रोडवरून घरी यायला मला दहा मिनिटं लागतात आणि आठवड्यातून दोनदा कुंड्यांना पाणी घालायला मी येतेच. हे पत्रसुद्धा आपल्या ओट्यावर बसून लिहितेय.

आधी कालचं सांगते. काल धाकट्याला घेऊन लळिंगच्या किल्ल्यावर गेले होते. तुम्ही त्याच्या डोक्यात भरवून ठेवलंय ना, की लळिंगच्या माथ्यावरून आपल्या फाटकाजवळचे दोन पाम दिसतात म्हणून! त्यासाठी त्यानं मित्राची दुर्बीण मागून आणली. सकाळी सहाला स्कूटर काढली. मोठ्या पुलावर पांझरेचं वारं असं झोंबलं की बोटांना ब्रेक कळेना. अवधान मागे पडेपर्यंत उजाडलं. गावातल्या जुन्या महादेवाच्या देवळाशी गाडी लावली आणि चढलो. मी तीनदा बसले, तो एकदाही नाही. वर पोचल्यावर खडकातल्या टाक्यांत वाकून बघणं झालं, कुरणातून मोर ओरडत होते ते ऐकून झालं, मग साहेबांनी दुर्बीण लावली.

नाना, दिसत नाही. महामार्ग दिसतो, मालेगावकडून येणारे ट्रक दिसतात, त्यांचा घरघराट तर वरपर्यंत येतो. पण धुळं म्हणजे नुसता राखाडी पट्टा आणि मधे हिरवे ठिपके. ब्रिग्ज साहेबानं १८१९ च्या सुमारास आखलेल्या ज्या सरळ गल्ल्यांचं तुम्ही पाहुण्यांना कौतुक सांगता, त्यातली एकही गल्ली ओळखू येईना. मग नदीपलीकडचं देवपूर तर सोडाच. धाकटा एकदा ओरडला, "ते बघ, आजोबांचा पाम!" तो मोबाइलचा टॉवर होता. नंतर त्यानं गणित मांडलं. पन्नास फूट उंच झाड दहा किलोमीटरवरून बघितलं, तर हात लांब करून धरलेल्या पट्टीवर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. "आणि आपलं घर तर त्याच्याही पुढे आहे," म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "पण आजोबांना दिसत असेल." मी काही बोलले नाही. आई हसत असणार आत्ता, तिचा कधीच विश्वास नव्हता त्यावर.

आज संध्याकाळी मग तुमची फेरी मारून आले. फाटकापासून दत्त मंदिरापर्यंत आणि मागच्या बोळातून परत, तुमच्याच चालीनं, प्रत्येक फाटकासमोर थांबत. कॉलनी पूर्वीपेक्षा जास्त पामांची झाली आहे. ज्यानं नवा बंगला बांधला त्यानं दाराशी पाम लावलाच. सध्या फॉक्सटेलचं फॅड आहे, कोल्ह्याच्या शेपटीसारखी झुपकेदार झावळी, मूळचं ऑस्ट्रेलियाचं. धुळ्याच्या ४४ डिग्रीत ते तगतंय हे विशेष. काकूंकडचा नारळ मात्र अजून तसाच आहे, तीस वर्षं झाली, सुपारीएवढी फळं धरतो आणि गाळतो. इथल्या कोरड्या हवेत त्यानं तरी काय करावं? नाल्याकाठची शिंदी मजेत आहे. तिला कोणी पाणी घालत नाही, कोणी विचारत नाही, आणि तिच्यावर सुगरणींची घरटी लोंबताहेत, मी अकरा मोजली.

कोपऱ्यावरच्या सरांचा भेरली माड फुलावर आलाय. तुम्ही सांगितलं होतं तसंच, पहिला तुरा शेंड्याजवळ, मग त्याच्याखाली दुसरा, असा वरून खाली येतोय. सगळ्यात खालचा तुरा फळून गेला की झाड संपतं. सर म्हणाले, "अजून चार-पाच वर्षं तरी आहेत." झाडाबद्दल म्हणाले असावेत. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय आणि बुद्धिबळाचा पट अजून तुमच्याकडेच आहे याची आठवण करून दिलीय.

हो, आणखी एक. फाटकाजवळच्या ज्या पामाला जन्मभर आपण बॉटल पाम म्हणत आलो, तो बॉटल पाम नाही. रोपं विकणारे काहीही नावं देतात. खरा बॉटल पाम मॉरिशसकडचा, बुटका, बुडाशी घागरीसारखा फुगलेला. आपला तो रॉयल पाम, मूळचा क्युबाकडचा, तिकडे तो राष्ट्रीय वृक्ष आहे. तुम्हाला हे आधीच माहीत असेल तर मला का सांगितलं नाहीत?

आता उजवीकडच्या पामाचं.

जूनमध्ये तारांवरची झाडं छाटायला माणसं आली, तेव्हा मी शाळेत होते. कडुनिंबाच्या फांद्या कापल्या तशाच त्यांनी पामाचाही शेंडा कापला. कडुनिंबाला आषाढात पालवी फुटली, आता तो पूर्वीपेक्षा दाट झालाय. त्यावरून तुम्हाला वाटलं की पामही फुटेल, आणि मीही तुम्हाला वाटू दिलं. पण कडुनिंबाला जागोजागी डोळे असतात, पामाला एकच. जे काही वाढायचं ते त्या एका शेंड्यातून. दारातल्या अरेका पामाचं वेगळं, त्याचं बेट असतं, एक दांडा कापला तर दुसरा वर येतो. याचं सगळं एकाच ठिकाणी होतं. परवा नारळ उतरवणाऱ्या दादाला वर चढवलं. तो अर्ध्यातूनच खाली आला, म्हणाला, "ताई, डोकंच गयं ना. आते काय ऱ्हायनं?" वरचा हिरवा गुळगुळीत दांडा, ज्याला धाकटा झाडाची मान म्हणायचा, तो पिवळा पडून, मऊ होऊन कधीच गळून गेलाय. राहिलाय तो करडा खांब.

मी शिडी लावून त्याचे वेढे मोजले. प्रत्येक वेढा म्हणजे गळालेल्या एका झावळीची खूण, आणि चांगलं वाढलेलं झाड साधारण महिन्याला एक झावळी टाकतं. शंभरापर्यंत मोजलं, मग बोट चुकलं. त्या झावळ्या पत्र्यावर धप्पकन पडायच्या आणि आई आतून "कोण ए?" म्हणायची. मी आणि भाऊ त्यावर बसून एकमेकांना बोळभर ओढायचो. खाली, माझ्या छातीच्या उंचीवर, आईनं कपड्यांच्या दोरीसाठी ठोकलेल्या खिळ्याचं भोक आहे. खिळा मी दहावीला असताना काढला होता. आंब्याचं खोड असतं तर केव्हाच भरून आलं असतं. पामाला साल चढत नाही, जखम झाली की तशीच राहते. करंगळीचं टोक बरोबर आत जातं. आत कोरडं आहे आणि मुंग्यांची ये-जा आहे.

डावीकडचा उत्तम आहे. त्याच्या जवळून तार जात नाही.

तर नाना, फुटवा यायचा नाही. उभा ठेवायचा की उतरवायचा ते तुम्ही ठरवा. नारळवाला म्हणतो, एकदम पाडला तर कंपाउंड जाईल, वरून तुकडे करत आणावा लागेल. चार हजार मागतोय, तीनवर येईल. यंदा वादळात तो काकूंच्या छपरावर गेला तर वाद नको, एवढंच माझं म्हणणं. घाई नाही, पण पुढच्या पावसाच्या आत ठरू दे. आणि तुमच्यासमोरच व्हावं असं मला वाटतं.

भाऊ म्हणाला, एवढ्या थंडीत आई-नानांना धुळ्याला कशाला? मी म्हटलं, मग काय मे महिन्यात आणतोस? डिसेंबरात या. भरताची हिरवी वांगी बाजारात आली आहेत, काड्यांवर भाजून देईन. आई, कळण्याच्या भाकरीचं पीठ दळून आणलंय. तुझी दोरी आता डाव्या पामापासून खिडकीच्या गजाला बांधलीय, उंची मात्र माझ्या हिशेबानं बांधली गेली, तू आलीस की खाली घेऊ. संडासात कमोड बसवून झालाय, पायऱ्यांना कठडा पुढच्या आठवड्यात लागेल. घर विकायचा विषय भाऊनं काढला होता, तो मी तिथेच थांबवला. तुम्ही त्याच्याशी त्यावरून बोलू नका, मी बोलेन.

बसची तिकिटं काढलीत की लगेच कळवा. गाद्यांना दोन दिवस ऊन दाखवायचंय, आणि बुद्धिबळाचा पट पुण्याला असेल तर तो येताना घेऊन या.

तुमची,
ताई