गोळी सुरू, म्हणून दूध बंद?

मा. संपादक,

गेल्या पावसाळ्यात लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे, खानापूर तालुक्यात आली होती. विसाव्या दिवशी तिच्या उजव्या छातीत गाठ आली, अंग तापलं. दवाखान्यात अँटिबायोटिक लिहून मिळालं आणि वर हुकूम, ‘आठ दिवस बाळाला अंगावर पाजू नका.’ औषधाच्या दुकानातही तेच ऐकलं. झालं, घरात डब्याचं दूध आलं. लेक न्हाणीत उभी राहून, ओठ दाबून दूध पिळून सांडायची आणि बाहेर माझ्या मांडीवर बाळ वाटी-चमच्याला तोंड फिरवायचं.

तिसऱ्या दिवशी बेळगावला बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. गोळ्यांचं पाकीट बघून ते म्हणाले, “अमॉक्सिसिलिन? पाजा की! दूध तुंबलं तर उलट गळू होईल.” लेकीने तिथेच बाळाला पदराखाली घेतलं.

अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने सुरू केलेली, अंगावर पाजताना कोणतं औषध चालतं ते सांगणारी ‘लॅक्टमेड’ नावाची नोंदवही २००६ पासून इंटरनेटवर फुकट आहे, ती त्यांनी उघडून दाखवली. औषध घेणाऱ्या आयांचं दूध तपासून त्यात किती उतरलं ते मोजतात. मग बाळाच्या पोटात वजनामागे किती जाईल, ते आईच्या डोसाशी ताडून बघतात. दहा टक्क्यांच्या आत असेल तर बहुतेक औषधं चालतात. रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणाऱ्या हेपॅरिनचा रेणू तर एवढा मोठा, की तो दुधात जवळजवळ उतरतच नाही. पण कोडीन घातलेलं खोकल्याचं औषध साधं वाटलं तरी घेऊ नये. काही बायकांच्या अंगात त्याचं मॉर्फिन भराभर होतं, बाळ गुंगीत जातं, श्वास मंदावतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसं बजावलंही आहे.

हे आम्हाला कळायचं कसं? पाकिटातला कागद इंग्रजीत, कर्नाटकात गरोदर बायकांना मिळणारं सरकारी ‘ताई कार्ड’ कन्नडमध्ये. (कन्नडमध्ये ताई म्हणजे आई, एवढं आम्हाला कळतं.) पाट्यांच्या भाषेवरून भांडण व्हायचं ते होवो, पण त्या कार्डात एक पान कन्नड-मराठीत घालायला काय हरकत आहे? तापाची, दुखण्याची, बीपीची, थायरॉइडची नेहमीची औषधं, कोणती चालतात आणि कोणती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, एवढंच. तोवर आपण एखाद्या बालरोगतज्ज्ञांकडून असा तक्ता लिहून घेऊन छापावा. आमच्या आशाताई तो कापून वहीत चिकटवतील, मी विचारलं आहे.

लेकीच्या उजव्या बाजूचं दूध पुन्हा नीट यायला तीन आठवडे लागले.

– एक आजी, खानापूर तालुका