दिवा लावा, गीझर बंद करा

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, विजेचं बिल आलं की तुम्ही चष्मा लावून मागच्या महिन्याच्या युनिटांशी ते ताडून बघता. तुमचं हे वळण मला मनापासून आवडतं. कंदिलाच्या उजेडात शिकलेल्या माणसाला विजेचं मोल कळतं, आम्हाला ते शिकावं लागतं. पण तुम्ही दोघं जिथे हात आखडता घेता तिथे वीज फारशी जातच नाही, आणि जिथे खरी जाते तिकडे कुणाचं लक्ष नाही. फोनवर हा विषय काढला की आई "बरं बरं, जेवलीस का?" म्हणते. म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

आधी रात्रीचं सांगते. सोप्यातून न्हाणीकडे जाताना ज्या दोन पायऱ्या उतराव्या लागतात, तिथला दिवा तुम्ही झोपताना मालवता आणि मग रात्री भिंत चाचपत जाता. तो दिवा 9 वॅटचा एलईडी आहे. रात्रीचे दहा तास जळला तरी 90 वॅट-तास झाले, आणि युनिट होतं 1000 वॅट-तासांचं. म्हणजे अकरा रात्री तो जळेल तेव्हा कुठे एक युनिट पडेल. पूर्वीचा 60 वॅटचा पिवळा बल्ब असता तर तुमचं म्हणणं खरं होतं, त्याने दोन रात्रींच्या आतच युनिट संपवलं असतं. आता मात्र तो दिवा रात्रभर राहू दे. बाबांचा गुडघा आणि आईची नजर, दोन्ही आता पूर्वीची नाहीत. या वयात मांडीचं हाड मोडलं तर काय होतं ते आपण शेजारीपाजारी, आवाठात पाहिलं आहे.

आता गीझर. तो 2000 वॅटचा आहे. अर्धा तास तापला की एक युनिट गेलं. तुमच्या पायऱ्यांवरचा अकरा रात्रींचा उजेड एवढ्यात संपला. आई, तू पहाटे उठल्या उठल्या बटण दाबतेस, मग चहा होतो, कुळागरातून फुलं येतात, आणि बाबा न्हायला जातात आठ वाजता. पाणी तापलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो हे खरं, पण टाकीतलं पाणी निवत जातं आणि तो पुन्हा पुन्हा सुरू होतो. आपल्या हवेत नळाचं पाणी काही बर्फासारखं नसतं. 15 लिटर पाणी वीस मिनिटांत चांगलं कडक तापतं. बाबांनी टॉवेल खांद्यावर घेतला की बटण दाब, आणि ते आत जायच्या आधी बंद कर. थर्मोस्टॅटवरचं तापमानही खाली आणू या. चटका बसेल इतकं पाणी तापवून मग त्यात बादलीभर गार पाणी ओतायचं कशाला? एप्रिल-मे महिन्यांत तर गीझरची गरजच नाही.

न्हाणीतलं पाणी तापवायचं जुनं भाण पुन्हा पेटवायचा विचार मात्र करू नका. नारळाची सोडणं आणि झावळ्यांची चुडतं जाळायला फुकट मिळतात, पण त्या धुरात बाबांचा खोकला किती वाढायचा हे मला आठवतं. विजेची बचत छातीवर काढायची नाही.

फ्रिजचं एक काम आजच करता येईल. दहा रुपयांची नोट दाराच्या रबरात धरून दार लावा आणि नोट हळूच ओढा. अडली तर रबर चांगलं आहे. सहज सुटून आली तर तिथून गारवा बाहेर जातोय आणि मशीन उगाच धावतंय. मागच्या खेपेला मी खालच्या कोपऱ्यात बोट फिरवलं तर काळी बुरशी हाताला लागली. पावसाळ्यात आपल्याकडे चामड्याच्या चपलेलाही बुरशी धरते, तर रबराला का धरणार नाही? साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून त्या खाचा पुसून काढ, आई. बऱ्याचदा तेवढ्याने दार पुन्हा घट्ट बसतं. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढायचा आहे, कारण मागच्या जाळीतून उष्णता बाहेर पडायला वाट लागते. ते मी करते, तुम्ही ओढाओढ करू नका. फ्रिजरमध्ये बर्फाचा थर बोटभर झाला की तो वितळवायचा आणि आमटी निवल्याशिवाय आत ठेवायची नाही. चोवीस तास चालवावीच लागते अशी वस्तू घरात हीच एक आहे.

पंख्याबद्दल बाबांशी मला भांडायचंच आहे. मे महिन्यातल्या दुपारी घामाने बनियन भिजलेलं असताना तुम्ही पंखा बंद करून आडवे होता. असं करू नका. वय झालं की तहान आणि उकाडा लवकर जाणवत नाही, आणि शरीर आतून तापत जातं. पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवून माणसाला गार करतो. म्हणून माणूस असेल तिथे तो फिरलाच पाहिजे, आणि माणूस उठला की बंद झाला पाहिजे. सोप्यातला पंखा तुम्ही परसात गेल्यावरही फिरत असतो, बचत तिथे करा. तो जुना पंखा 75 वॅट खातो. त्याचा तो डब्यासारखा रेग्युलेटर वेग कमी केला तरी उरलेली वीज बरीचशी उष्णतेत घालवतो, हात लावून बघा, कोमट लागेल. नवे बीएलडीसी पंखे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, 30 वॅटच्या आसपास चालतात. दिवसाला बारा तास धरले तर महिन्याला 16 युनिटं वाचतात, आणि वारा तेवढाच. 2023 पासून छताच्या पंख्यांवरही वीजबचतीचं स्टार लेबल सक्तीचं झालंय, ते बघूनच मी तुमच्यासाठी नवा पंखा घेतलाय.

बिलात टप्प्याटप्प्याने दर चढतो, त्यामुळे वरची युनिटं वाचली की ती महाग दराची वाचतात. पण मला फक्त पैशांचं वाटत नाही. बाबा, गोव्यात वीज फार थोडी तयार होते. आपल्या घरातला पंखा फिरतो तो कोरबा, विंध्याचल अशा लांबच्या ठिकाणी कोळसा जळतो म्हणून. ती वीज आणायला तारा सह्याद्रीतूनच येणार. 2020 साली मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या तमनार वीजवाहिनीवरून केवढं रान उठलं होतं, तुम्ही रोज पेपरातलं वाचून दाखवायचात. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ती वाहिनी आधीच्या 220 किलोव्होल्ट वाहिनीच्या पट्ट्यातून न्यायला सांगितली. तुम्हाला तेव्हा बरं वाटलं होतं. त्या जंगलाची काळजी असेल तर आपली मागणी आपणच थोडी आवरायला हवी, असं मला वाटतं.

बाकीचं किरकोळ. टीव्ही रिमोटने बंद केला तरी सेट-टॉप बॉक्स चालूच राहतो. झोपताना भिंतीवरचं बटण बंद करा. पंप लावला की घड्याळात बघा. टाकी भरून पाणी पागोळीसारखं गळायला लागलं की मग धावाधाव होते, म्हणून टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवून घेऊ. मुलं मे महिन्यात आली की एसी 24 वर आणि जोडीला पंखा, मी त्यांना बजावते.

आई, गॅसचं तुला काय सांगायचं? मुगागाठी तू करतेस त्या मोड आलेल्या मुगाच्या, त्या पटकन शिजतात. तसेच उकडे तांदूळही रात्री भिजत घाल, पेजेला गॅस कमी लागेल. आधण उकळलं की आच बारीक कर आणि वर झाकण ठेव. मोठ्या आचेने उकळतं पाणी आणखी तापत नाही, नुसती वाफ होते.

स्वयंपाकघरातलं काचेचं कौल मात्र काजळीने काळं झालंय, म्हणून भर दुपारी तिथे ट्यूब लावावी लागते. पावसाआधी कौलं परतायला माणूस येईल तेव्हा त्याच्याकडून ते उतरवून राखेने घासून घ्या, आणि देवघरावर अजून एक काचेचं कौल बसवा. बाबांना पोथी वाचायला दिवसा दिवा लागणार नाही. मी शनिवारी मडगावहून निघते. पंखा सोबत आणते आणि वायरमनला दहा वाजता यायला सांगितलं आहे, तोपर्यंत बाबांनी स्टुलावर चढू नये.

तुमची,
वैशाली