गोल चार्ट हिरवा दिसला म्हणून खूश होऊ नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपुरात सध्या ज्याला त्याला स्वतःचं ॲप पाहिजे. कळमन्याचा संत्र्याचा अडत्या असो, बुटीबोरीचं वर्कशॉप असो की मनीषनगरातली एखादी सोसायटी, कोडिंग न शिकता माउसनं ओढून-सोडून ॲप बनवायची टूलं आली आहेत, पॉवर ॲप्स, ॲपशीट, झोहो क्रिएटर, मेंडिक्स वगैरे, अन् आपले पोट्टे त्यात मस्त काम करून राहिले, त्याबद्दल तक्रार काहीच नाही. तक्रार आहे ती पहिल्या स्क्रीनवरच्या गोल चार्टबद्दल. कोणतंही ॲप उघडा, तो असतोच. अन् मालक लोक, कमिटीवाले, साहेब लोक त्याच्याकडे एक नजर टाकून निर्णय घेऊन मोकळे होतात, म्हणून हे पत्र.

मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत सर्व्हिस डिपार्टमेंट बघतो. ग्राहकांच्या मशीनच्या तक्रारी शेअरपॉइंटच्या (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन माहिती साठवायची जागा) लिस्टमधे जातात अन् त्यावर एका बाहेरच्या एजन्सीनं पॉवर ॲप्समधे ॲप करून दिलं. दिसायला एक नंबर. दर सोमवारच्या मीटिंगमधे साहेब टीव्हीवर तो गोल लावायचे, जवळपास पूर्ण हिरवा, म्हणजे सगळं 'पूर्ण', अन् इकडे माझा फोन वाजणं काही थांबत नव्हतं. ग्राहक शिव्या घालून राहिले अन् चार्ट म्हणतो ऑल वेल! शेवटी कोणीतरी म्हटलं, बाप्पा, गोलाच्या मधोमध एकूण आकडा तरी टाका, तर आमच्याच एका पोरानं चार्ट जिथून आकडे घेतो तिथूनच बेरीज करून मधे लेबल टाकलं. आकडा आला ५००. दुसऱ्या दिवशी ५००. नव्या तक्रारी पडल्या तरी ५००. तेव्हा कुठं ट्यूब पेटली.

झालं असं होतं, की पॉवर ॲप्समधे पाय चार्ट, म्हणजे हाच गोल, टाकला की स्क्रीनवर टायटल, चार्ट अन् लेजेंड (कोणता रंग कशाचा ते सांगणारी यादी) अशा तीन गोष्टी येतात, अन् चार्टच्या 'आयटम्स' नावाच्या खान्यात तुम्ही सांगायचं की आकडे कुठून घ्यायचे. एजन्सीवाल्यांनी तिथं ग्रुपबाय (सारख्या ओळींचे गट पाडायचं सूत्र) लावून स्टेटसप्रमाणे मोजणी केली होती, जी डेमोमधे बरोबरच दिसते कारण डेमोत असतात वीस-पंचवीस ओळी. पण ग्रुपबाय हे शेअरपॉइंटच्या सर्व्हरवर चालतच नाही, ॲप आधी ओळी स्वतःकडे ओढतं अन् मग मोजतं, अन् ओढायची मर्यादा आपोआप ५०० असते, सेटिंगमधे जाऊन वाढवली तरी २००० च्या वर जात नाही. बरं, त्या पहिल्या ५०० ओळी म्हणजे सगळ्यात जुन्या तक्रारी, त्या तर कधीच्या बंद झालेल्या! म्हणजे ॲप जितकं जुनं होईल, तितका गोल आणखी हिरवा होणार, मग शहरातल्या सगळ्या ग्राहकांच्या मशीन बंद पडोत. ॲप वापरणाऱ्याला स्क्रीनवर याचा कुठंच पत्ता लागत नाही.

यावर इलाज आहे अन् अवघड नाही. एक तर चार्टला पूर्ण लिस्ट देऊच नका, तारखेचा फिल्टर लावून फक्त या महिन्याच्या तक्रारी द्या, म्हणजे ओळी मर्यादेच्या आत राहतात. नाही तर मोजणी मागेच करून घ्या, रोज रात्री एक ऑटोमॅटिक फ्लो चालवून चार स्टेटसच्या चार ओळींची छोटी लिस्ट भरायची अन् चार्टनं त्या चार ओळींवरून गोल काढायचा. आम्ही दुसरं केलं. सोमवारी गोल उघडला तर निम्म्यापेक्षा जास्त लाल होता, साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता, पण त्याच आठवड्यात एक जास्तीचा टेक्निशियन मंजूर झाला, जो मी कधीचा मागत होतो.

रंगांची गंमत वेगळीच. पॉवर ॲप्समधे रंगांची यादी 'आयटमकलरसेट'मधे देतात अन् ती ओळींच्या क्रमानं लागते, पहिल्या ओळीला पहिला रंग, दुसऱ्या ओळीला दुसरा. आता समजा एखाद्या महिन्यात 'पार्टची वाट' या स्टेटसची एकही तक्रार नसली तर ती ओळच गायब होते अन् मागचे सगळे रंग एक घर पुढं सरकतात, म्हणजे मागच्या महिन्यात जे 'प्रलंबित' लाल होतं ते या महिन्यात हिरवं. बघणारा लेजेंड वाचत नाही, तो रंग बघतो. म्हणून स्टेटसची ठरलेली यादी वेगळी ठेवा अन् प्रत्येकासमोर मोजणी लावा, शून्य आलं तर शून्य राहू द्या, क्रम हलला नाही पाहिजे. आउटसिस्टम्स नावाच्या अशाच दुसऱ्या टूलमधे प्रत्येक डेटा पॉइंटलाच त्याचा रंग देता येतो, तिथं हा घोळ टाळता येतो. अन् लाल-हिरव्याच्या भरवशावर राहूच नका, लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक आपल्यातच असतात, पुरुषांत हे बायकांपेक्षा बरंच जास्त असतं, अन् शेवटी त्या रिपोर्टची काळी-पांढरी झेरॉक्सच तर फिरते ना ऑफिसात. तुकड्यावरच नाव अन् आकडा टाका.

आणखी एक, फॉर्ममधे तक्रारीचा प्रकार लोकांना हातानं टाइप करू दिला की 'पाणी', 'पानी', 'पाणी गळती' अन् 'पाणी'च्या पुढं चुकून एक स्पेस, असे चार वेगवेगळे तुकडे पडतात. टूलला काय कळते विदर्भात पानी म्हणतात ते. ड्रॉपडाउन द्या, विषय संपला.

अन् किती तुकडे पाडायचे याला काही धरबंद आहे का नाही? आपल्या महानगरपालिकेचे झोन दहा, लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर, मंगळवारी. समजा एखाद्यानं या दहाही झोनच्या तक्रारी एका गोलात टाकल्या, तर नेहरूनगर मोठं की गांधीबाग हे सांगायला कोनमापक घेऊन बसावं लागेल. दहावीच्या गणितात पोरं वृत्तालेख काढतात त्यांना माहीत आहे, एक टक्का म्हणजे ३.६ अंश, आता दहा टक्के अन् अकरा टक्के यातला ३.६ अंशाचा फरक मोबाइलच्या स्क्रीनवर कोणाच्या डोळ्याला दिसते? क्लीव्हलंड आणि मॅकगिल या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मधे प्रयोग करून दाखवलं होतं की माणूस एका रेषेवरची उंची जितकी अचूक ओळखतो तितका कोन ओळखू शकत नाही. म्हणजे झोन-झोनची तुलना करायची तर आडवे बार लावा, मोठ्यापासून लहानापर्यंत, नावंही मराठीत पूर्ण मावतात, 'सतरंजी...' असं अर्धवट तुटत नाही. गोल ठेवायचा तो तीन-चार तुकड्यांसाठी, बाकी बारीकसारीक सगळं 'इतर'मधे. अन् तेही सगळे तुकडे मिळून एकच काहीतरी पूर्ण होत असेल तरच. एका तक्रारीला दोन प्रकार टिक करता येत असतील तर गोल काढूच नका, तिथं बेरीज तक्रारींपेक्षा जास्तच येणार अन् टूल मात्र निमूटपणे ती ३६० अंशात बसवून देणार.

डोनट म्हणजे तोच गोल, मधे भोक पाडलेला. मेंडिक्समधे भोक किती टक्के पाहिजे ते 'होल रेडियस'मधे लिहायचं, पॉवर ॲप्सच्या जुन्या कॉलम, लाइन अन् पाय या तीन चार्टमधे डोनट नाही तर लोक पायच्या वर पांढरं वर्तुळ ठेवून काम भागवतात, दिसतं तेच. मला डोनट आवडतो तो एकाच कारणानं, मधे एकूण आकडा लिहायला जागा मिळते, अन् आमचं सगळं प्रकरण त्या आकड्यानंच बाहेर आलं. तुकडे बाहेर ओढायचं 'एक्स्प्लोड' मात्र शून्यावरच ठेवा, लग्नाच्या पत्रिकेत शोभेल ते.

तसा हा प्रकार जुनाच आहे, विल्यम प्लेफेअर नावाच्या माणसानं १८०१ च्या पुस्तकात पहिल्यांदा असा गोल छापला, तेव्हा तो हातानं काढावा लागायचा त्यामुळे निदान आकडे कुठून आले ते काढणाऱ्याला माहीत असायचं. आता दोन क्लिकमधे येतो, अन् एजन्सीला पैसे देणारा माणूस डेमो बघून सही करतो.

म्हणून तुम्हाला दोन विनंत्या आहेत. एक, तुमच्या टेक्नॉलॉजीच्या पानावर ॲप कसं बनवायचं यासोबत ते ताब्यात घेताना काय तपासायचं हेही येऊ द्या, निदान इतकं तरी, की डेमो वीस ओळींवर नाही तर तीन हजार खोट्या ओळी भरून दाखवायला सांगा अन् गोलाच्या मधे एकूण आकडा मागा. दुसरी विनंती तुमच्याच पेपरबद्दल, निवडणुकीच्या अन् बजेटच्या दिवशी तुम्ही छापता ते गोल बरेचदा दहा-बारा तुकड्यांचे असतात, अन् आतल्या काळ्या-पांढऱ्या पानावर आले की करडे-करडे सगळे सारखेच दिसतात. यावेळी अधिवेशनाच्या पुरवणीत बार छापा अन् बारच्या शेजारी आकडा टाका.

आपला,
सर्व्हिस डिपार्टमेंटमधला एक वाचक,
नागपूर