तीच ती ओळ

टिळकवाडी, बेळगाव
रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबा,
प्रभूच्या नावाने सलाम.

बाळ काल 1,640 ग्रॅमचं झालं. नाकातली नळी काढली, आता वाटी-चमच्यानं दूध घेतंय. असंच वजन वाढलं तर या आठवड्यात घरी सोडतील. हे फोनवर सांगितलंच आहे. फोनवर सांगायला जमलं नाही ते आज लिहायला बसलेय. आई, बाबांचा चष्मा बदलून होईतो तूच वाचून दाखव.

बाबा, दोन वर्षांपूर्वी ईस्टरला तुम्ही आमच्या चर्चला आला होता. गिटार, ड्रम, पडद्यावर शब्द. घरी येताना रिक्षात तुम्ही म्हणालात, "तीच ती ओळ बारा वेळा. याला काय गाणं म्हणायचं? रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या एका अभंगात आहे तेवढं या अख्ख्या तासात नाही." मला राग आला होता. उत्तर सुचलं नाही म्हणून गप्प बसले. आता सुचलंय.

तिसाव्या आठवड्यात बाळ झालं, 1,120 ग्रॅमचं. तुम्ही काचेतून पाहिलंत ना, माझ्या हाताएवढं होतं, आणि अंगावर वायरीच वायरी. पहिले नऊ दिवस मला प्रार्थनाच करता आली नाही. "प्रभू" म्हणायची आणि पुढचं वाक्य जुळायचं नाही. आईनं पिशवीत आपल्या गीतांचं पुस्तक, 'उपासना संगीत', घालून दिलं होतं, ते उघडायची. पहिलं कडवं वाचून दुसऱ्यावर यावं तर पहिलं डोक्यातून गेलेलं असायचं. लहानपणापासून पाठ असलेली गाणी, तीसुद्धा.

त्यातच भेटायला आलेल्या एका बाई म्हणाल्या, "विश्वास कमी पडला असेल गं कुठंतरी." आई, हे मी तुला सांगितलं नव्हतं. ती रात्र फार वाईट गेली.

त्याच रात्री दोनच्या सुमाराला बाहेरच्या बाकावर यांनी माझ्या एका कानात इयरफोन घातला. 'वे मेकर' लावलं होतं, म्हणजे वाट काढणारा. सिनाच नावाच्या नायजेरियाच्या बाईंचं हे गाणं 2015 साली आलं आणि आता कुठल्या कुठल्या भाषांत म्हणतात. त्यात मधे एक जागा येते. दिसत नसलं, जाणवत नसलं तरी तू काम करतोच आहेस, असा तिचा अर्थ. तेवढंच फिरून फिरून म्हणायचं. बाबा, पहिल्या चार वेळा मी ते ऐकलंच नाही, आतल्या मशीनच्या बीपकडेच कान होता. पाचव्यांदा आलं तेव्हा ऐकू आलं. एकदाच म्हणून गाणं पुढं गेलं असतं, तर माझ्या हाती काही लागलं नसतं. मनाला दुसरी ओळ धरवत नाही तेव्हा एकच ओळ थांबून राहावी लागते, माणूस येऊन पोचेपर्यंत.

आणि ऐकू आली तेव्हा डोळ्यांपुढे तुम्ही आलात. लोंढ्याचं रेल्वे यार्ड, जुलैचा पाऊस, अंगावर रेनकोट, हातात दिवा. तुम्ही रुळांचा सांधा बदलायचा आणि गोव्याची गाडी कॅसलरॉककडे वळायची. डब्यातली माणसं झोपलेली. वाट कुणी लावून दिली, कुणाला पत्ता नसायचा. त्या रात्री आत बाळाची फुप्फुसं तयार होत होती आणि मला काचेतून काही दिसत नव्हतं. मी पहिल्यांदा रडले, आणि मग झोप लागली.

ही नवी गाणी सगळीच चांगली आहेत असं मी म्हणणार नाही. नुसती जय-विजयाची, सगळं काही मिळालं म्हणणारी, ती मला तेव्हा सोसली नाहीत, बंद केली. मॅट रेडमन यांचं एक आहे, बायबलातल्या ईयोबाच्या पहिल्या अध्यायावरचं, परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले. गाणं खरं आहे. पण 'नेले' हा शब्द त्या दिवसांत कानावर घेववेना, म्हणून ते ठेवून दिलं. परवा ऐकलं.

चौदाव्या दिवशी बाळाला माझ्या छातीवर दिलं. उघड्या अंगाला उघडं अंग लावून तासन्‌तास बसायचं, त्याला कांगारू केअर म्हणतात. बाळाच्या कानाला मोठा आवाज चालत नाही, तेव्हा मोबाईल नाही, काही नाही. मी तीच ओळ हळूच गुणगुणत होते. बाळाचं डोकं माझ्या गळ्याखाली, लिंबाएवढी मूठ गाऊनला धरलेली. मी श्वास घेतला की ते वर यायचं. डोळ्यांतलं पाणी त्याच्या टोपीवर पडलं, तर नर्स पुढं होऊन म्हणाली, "अळब्याडरी अक्का," म्हणजे रडू नका ताई. आणि सलाईन बदलता बदलता माझ्या सुरात सूर मिळवला, तिनं कानडीत, मी मराठीत. तिलाही ते गाणं येत होतं!

मग घरची आठवण झाली. रात्रपाळीहून आलात की तुम्ही पेटी काढायचा. टिळकांचं भजन, आणि दर कडव्यानंतर ध्रुपद. ते किती घोळवायचा, बाबा! आई चूल पेटवता पेटवता म्हणायची, मी अर्धवट झोपेत. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले, येताना अभंगाची ही चाल बरोबर घेऊन आले, असं तुम्हीच सांगायचा. कडवी मला आज सगळी आठवत नाहीत. ध्रुपदं सगळी आठवतात.

पेटी तेवढी घेऊन या. गाडीत चढवायला हे येतील लोंढ्याला, तुम्ही उचलू नका. बाळाजवळ नाही वाजवता येणार, पण बाहेरच्या खोलीत, दार लोटून, हळू आवाजात चालेल, मी डॉक्टरांना विचारून ठेवलंय. आधी तुमचं म्हणा, मग मी माझं शिकवते. त्याला सूर थोडेच लागतात.

आई, तुझ्या जुन्या सुती साड्यांची दुपटी करून आण. पावसात ऊन मिळायचं नाही, तेव्हा दोन्हीकडून कडक इस्त्री फिरव.

तुमची धाकटी