सादेलीच्या पेटीबद्दल

लंडन, १४ नोव्हेंबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेले पेटीचे फोटो मोठे करून पाहिले. नक्षीचे तुकडे सुटताहेत, काय करावं, असं विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितोय. पेटी सादेली कामाची, म्हणजे बारीक तुकड्यांच्या जडावनक्षीची आहे. इथे लिलावाच्या याद्यांत अशा पेटीला 'बॉम्बे बॉक्स' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात त्या मुंबईत आणि सुरतेत बनत. शिवणाचं सामान, हातमोजे, व्हिजिटिंग कार्डं ठेवायला साहेबलोक त्या नेत. कसब मूळचं इराणमधल्या शिराझचं, असं मानतात.

झाकणावरच्या चांदण्या एकेक तुकडा लावून केलेल्या नाहीत. हस्तिदंत, हिरवं रंगवलेलं हाड, काळं आबनूस, पतंग नावाच्या झाडाचं तांबूस लाकूड आणि कथिलाची तार यांच्या बारीक तिकोनी कांड्या सरसाने जोडून जुडी बांधतात आणि ती करवतीने आडवी कापतात. अळूवडीचा उंडा कापल्यावर प्रत्येक वडीत तोच वळसा दिसतो, तसं. त्या चकत्या चंदनाच्या फळीवर बसवलेल्या असतात. झाकण उघडल्यावर वास येतो तो त्याच फळीचा.

चकती जेमतेम मिलिमीटरभर जाड असते, म्हणून सुताराला पॉलिश पेपर लावू देऊ नका. कथिल बोटाला टोचतंय ते वर आलेलं नाही. भोवतीचं लाकूड आकसलंय. घासलंत तर नक्षीच जाईल.

तुकडे सुटतात ते हवेमुळे. फळी पावसाळ्यात रुंदीला फुगते, उन्हाळ्यात आकसते. कथिल हलत नाही, हाड फारसं नाही, आणि जुना सरस ठिसूळ झालेला असतो. झाकणावरची लांब भेगही त्यातलीच. तिच्यात लांबी (पुट्टी) भरू नका. जुलैत फळी फुगली की भरलेली लांबी शेजारच्या चकत्या उचकटून काढते. भेग दिसते तर दिसू द्या.

आधी सगळ्या बाजूंचे फोटो काढा. सुटलेला प्रत्येक तुकडा वेगळ्या पाकिटात घाला, वर जागा लिहा. धूळ मऊ कोरड्या ब्रशने काढा. फडकं नको, त्याचा धागा उचललेल्या कडेत अडकतो. पाणी अजिबात नको, सरस विरघळतो. मामींना सांगा, खोबरेल तेलही नको: हस्तिदंत पिवळं पडतं आणि तेलावर पुढे सरस धरत नाही.

चिकटवायला फेव्हिकॉल वापरू नका. तो वाळला की पुढच्या दुरुस्तीला तुकडा धड सोडवता येत नाही. दाणेदार सरस घ्या: वजनाने एक भाग सरस, दोन भाग पाणी. रात्रभर भिजवा, सकाळी वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून साठ अंशांपर्यंत तापवा. उकळला तर त्याची पकड जाते. तुकड्याखालचा जुना सरस टूथपिकने कोरडाच खरवडा, नवा टोकाने थेंबभर लावा, तुकडा दाबा, बाहेर आलेला सरस लगेच पुसा. वर प्लास्टिकचा कागद, त्यावर चौपदरी सुती कापड, मग अर्ध्या किलोचं वजन, चोवीस तास. एका दिवसात दोन-तीन तुकड्यांच्या वर जाऊ नका. हे काम हिवाळ्यात करा, पावसाळ्यात सरस वाळता वाळत नाही.

हरवलेल्या चांदणीच्या जागी दुसरं काही कोरून बसवायच्या भानगडीत पडू नका. रंग मिसळलेलं मधमाशांचं मेण भरलं तरी डोळ्याला खुपत नाही, आणि नखाने निघतं. शोकेसमध्ये दिव्याखाली ठेवू नका. हिरवा रंग उडतो आणि एकदा उडाला की येत नाही. बिजागरीच्या बाजूला सगळ्यात जास्त ताण असतो, म्हणून झाकण उघडताना हाताने धरा, मागे टेकू देऊ नका.

आणि कुरियरने माझ्याकडे पाठवण्याचं म्हणालात, तसं मुळीच करू नका. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. वर हस्तिदंत आहे. त्याचा व्यापार आपल्याकडे वन्यजीव कायद्याने बंद आहे आणि इथेही जून २०२२ पासून त्याच्या विक्रीवर कडक बंदी लागू झाली. पुण्यातच राहू द्या.

आता आतल्या कप्प्यांचे फोटो काढाल तेव्हा झाकणाची खालची बाजूही घ्या. भेग आरपार आहे का, ते तिथून कळेल.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा