आधी खूर, मग शिंगं

चोपडा,
कोजागिरीनंतरचा मंगळवार

चि. ताईस,
आप्पांचे अनेक आशीर्वाद.

पंधरा दिवसांपूर्वी तू फोनवर विचारलंस, "आप्पा, गाडी घ्यायची आहे, कोणती घेऊ?" मी बराच वेळ बोललो नाही. तू दोनदा 'हॅलो, हॅलो' केलंस. फोन तुटला नव्हता ताई, मलाच शब्द सुचेना. एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. गावातला माणूस जुनी जीप घ्यायची म्हटली तरी आधी आपल्या ओट्यावर येऊन बसायचा. तुम्ही कोणी मला कधी हे विचारलं नव्हतं, आणि विचारलंस तेही अशा मुलखातल्या गाडीबद्दल, जिथला रस्ता मी पाहिलेला नाही. तेव्हापासून रोज दुपारी चष्मा लावून मोबाईलवर वाचतोय. जे वाचलं ते माझ्या हाताच्या अनुभवाला लावून बघितलं. जे पटलं तेच लिहितोय. पत्र हाताने लिहून फोटो पाठवतो, नीट वाच. जावईबापूंनाही वाचून दाखव.

तुझे आजोबा बैल घ्यायला बाजारात गेले की मला सोबत न्यायचे. एकदा एक उंच, पांढराशुभ्र बैल होता, शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं. मी त्याला सोडायला तयार नव्हतो. दलालाने रुमालाखाली बोटं दाबून भावही सांगून टाकला होता. आजोबांनी आधी दात बघितले, मग खाली बसून चारही पाय उचलून बघितले. मागच्या खुराला चीर होती. ते उठले, धोतर झटकलं आणि मला म्हणाले, "पह्यले खुर देख, मंग शिंगे." पुढे मी बसच्या खाली आयुष्य काढलं ते याच एका वाक्यावर.

कॅनडात, तुमच्या ओंटारिओत हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. बर्फ वितळतो आणि ते खारट पाणी गाडीच्या पोटाला चिकटून बसतं. हे वाचलं तेव्हा मला कोकणातल्या एका डेपोतून आपल्याकडे बदलून आलेली बस आठवली. वरून रंग ठीक होता. खाली गेलो, स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलं तर ते पत्र्यातून आरपार गेलं. ते तर नुसतं समुद्राचं वारं होतं, तुमच्याकडे मीठ थेट रस्त्यावरच असतं. म्हणून गाडी बघायला जाशील तेव्हा रंग, सीट, मोठा स्क्रीन, हे सगळं नंतर. आधी खाली वाक. दरवाज्याखालची पट्टी बोटाने दाबून बघ. चाकाच्या वरच्या कमानीची आतली कड हाताने चाचप. ब्रेकचे आणि पेट्रोलचे बारीक पाईप खालून जातात, त्यांचे पापुद्रे निघतायत का बघ. सायलेन्सरला थोडा गंज असणारच, त्याला घाबरू नकोस. पण जिथे चाकं आणि इंजिन धरून ठेवलेलं असतं त्या सांगाड्याला भोकं पडली असतील, तर ती गाडी कितीही स्वस्त मिळो, मागे फिर. खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर जास्तच सावध हो. तिकडे दर वर्षी गाडीच्या पोटाला तेल मारून घेतात. आधीच्या मालकाने ते केलं असेल तर पावत्या माग. तू घेशील त्या गाडीला पहिल्याच वर्षी मारून घे.

इंजिन थंड असताना जा, म्हणजे आधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर समज, तुझ्या येण्याआधी कोणीतरी सुरू करून ठेवलंय. थंड इंजिनच खरं बोलतं. सुरू केल्यावर मागे उभी राहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. दाट पांढरा आणि गोडसर वासाचा धूर थांबतच नसेल, तर कूलंट आत शिरतंय. कडाक्याच्या थंडीत पांढरी वाफ सगळ्याच गाड्यांतून येते, ती इंजिन तापलं की जाते. हा फरक तुला कळायला हवा, म्हणून लिहिलं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, म्हणून आपण गाडी घेताना एसी आणि रेडिएटर बघतो. तुला उलटं शिकावं लागेल. कूलंट आपल्याला उकळू नये म्हणून लागतं, तुला गोठू नये म्हणून. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असेल तर ते उणे ३५ च्याही खाली टिकतं. त्यात नुसतं पाणी ओतायची आपली सवय तिथे इंजिन फोडेल. काच धुवायचं पाणीही तिथे हिवाळ्याचं वेगळं मिळतं, नळाचं भरू नकोस. बॅटरीचं मात्र लक्षात ठेव, ती खरी खराब होते उन्हाळ्यात आणि धोका देते हिवाळ्यात. म्हणून जुन्या गाडीची बॅटरी पहिल्या बर्फाच्या आधी तपासून घे.

आता जावईबापू म्हणतात की चारही चाकांना ताकद देणारीच गाडी हवी. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, पण अर्धं आहे. चारही चाकं फिरली तर गाडी बर्फातून निघते लवकर. थांबते मात्र टायरवर, आणि ब्रेक प्रत्येक गाडीला चारच असतात. साधा टायर सात अंशाच्या खाली कडक होत जातो, आपल्या चपलेचं रबर जुनं झाल्यावर होतं तसा. हिवाळी टायरचं रबर नरम राहतं. त्यावर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असते, ती बघूनच घे. क्वेबेक प्रांतात तो कायद्यानेच लावावा लागतो, तुमच्याकडे सक्ती नाही. पण तुम्ही लावाच, आणि चारही. दोन लावून भागवणाऱ्याची गाडी वळणावर फिरते. लावले की विमा कंपनीला कळव, ओंटारिओत त्याची सवलत द्यावी लागते. पैसे मोजकेच असतील तर साधी, पुढच्या चाकांना ताकद देणारी कोरोला किंवा सिव्हिक घ्या आणि उरलेल्यातून हिवाळी टायर घ्या. मी तरी हेच करेन. टायर जुने मिळत असतील तर बाजूला कोरलेल्या शेवटच्या चार आकड्यांवरून वय कळतं. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा.

ओळखीचे सगळे उंच गाड्या घेतात, हे तू दोनदा सांगितलंस. तुमच्या किचनरशेजारच्या केंब्रिजला टोयोटाचा कारखाना आहे, आरएव्ही-४ तिथेच बनते, हे मी वाचलं. गाडी उत्तमच आहे. पण ती आणि होंडाची सीआर-व्ही चोरांच्याही आवडीच्या आहेत, आणि विम्याचा हप्ता गाडीच्या मॉडेलवर आणि तुमच्या पिनकोडवर ठरतो. म्हणून गाडी पसंत करण्याआधीच दोन-तीन मॉडेलची नावं देऊन विम्याचा आकडा विचारा. तिथे राहायला आलेल्या नव्या माणसाला तो आकडा घाबरवतो म्हणतात. गाडी स्वस्तात घेऊन विमा न परवडणं, हे विहीर खोदून दोराला पैसे न उरण्यासारखं आहे.

हप्त्याचं नीट समजून घे. तिथले दुकानदार 'दर दोन आठवड्यांनी इतके' असं सांगतात. ऐकायला कमी वाटतं. पण वर्षाचे आठवडे ५२, म्हणजे हप्ते २४ नाही, २६. समजा ३०० डॉलर सांगितले आणि मुदत सात वर्षं, तर ५४,६०० झाले. कागदावर तूच गुणाकार कर, त्यांच्या मशीनवर नको. आणि ओंटारिओत गाडीच्या करारावर सही केल्यावर 'विचार बदलला' म्हणून परत देण्याची मुदत नाही. सही करायच्या आधी एक रात्र जाऊ दे. कपाशीचे पैसे हातात यायच्या आधी व्यापाऱ्याच्या कागदावर सही करून आपल्या घराने काय भोगलं, ते तू लहानपणी पाहिलंस.

जुनी गाडी घरगुती मालकाकडून घेणार असाल तर विकणाऱ्याने सरकारी 'यूज्ड व्हेइकल इन्फर्मेशन पॅकेज' तुला द्यायलाच हवं. शेत घेताना आपण सातबारावर बोजा आहे का बघतो ना, अगदी तेच काम त्याचं. आधीचे मालक किती, आणि गाडीवर कोणाचं कर्ज बाकी आहे का, ते त्यात असतं. कर्ज बाकी असेल तर ती गाडी तुझ्या दारातून उचलून नेऊ शकतात. त्याशिवाय कारफॅक्स कॅनडाचा अहवाल काढ, त्यात अपघाताच्या नोंदी दिसतात. गाडी अमेरिकेतून आलेली असेल तर मीटर मैलात आहे की किलोमीटरमध्ये, ते बघ. कराचे १३ टक्के खासगी खरेदीतही द्यावे लागतात, ते बाजूला ठेव. नंबरप्लेटचं मला नवल वाटलं. आपली एमएच-१९ गाडीसोबत जाते, तिथे प्लेट मालकाकडेच राहते म्हणे.

एक युक्ती वाचली, ती मला फार आवडली. जाहिरात बघून फोन करशील तेव्हा फक्त 'गाडीबद्दल विचारायचं होतं' एवढंच म्हण. समोरच्याने 'कोणती गाडी?' असं विचारलं तर तो घरमालक नाही, बिनपरवान्याचा दलाल आहे. फोन ठेव. भेट त्याच्या घरीच घे, रस्त्यात किंवा पार्किंगमध्ये नको, आणि कागदावरचं नाव त्याच्या ओळखपत्राशी जुळव. 'सेफ्टी' झालेली आहे म्हणतील. ते प्रमाणपत्र ३६ दिवसांचं असतं आणि त्या एका दिवशी गाडी कमीत कमी नियमात बसली, एवढंच सांगतं. त्यावर विसंबू नकोस. विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या गॅरेजमध्ये शंभर-दीडशे डॉलर गेले तरी चालतील, गाडी लिफ्टवर चढवून दाखव. विकणारा नको म्हणाला तर उत्तर मिळालंच.

सात सीटची गाडी तू आमच्यासाठी म्हणतेस, हे मला आईकडून कळलं. तुझी आई खूष झाली, दोन दिवस सगळ्यांना सांगत होती. पण ताई, आम्ही दोन वर्षांतून एकदा येणार. तेवढ्यासाठी वर्षभर रिकाम्या सीटचं पेट्रोल जाळू नकोस. आम्ही आलो की महिनाभर मोठी भाड्याने घ्या.

आपल्या नातीची, छकुलीची, गाडीत बसायची लहान मुलांची सीट आईने इथून घेऊन पाठवायचं ठरवलं होतं, मी थांबवलं. तिथल्या सीटवर मेपलच्या पानाची राष्ट्रीय सुरक्षेची खूण लागते, बाहेरून आणलेली चालत नाही. त्या सीटलाही संपण्याची तारीख असते, म्हणून कोणाची वापरलेली घेऊ नका. गाडी बघायला जाताना तुमची सीट सोबत घेऊन जा आणि मागे बसवूनच बघ. पुढच्या सीटवर तुझे गुडघे कुठे येतात तेही बघ. आणि हे आईचं नाही, माझं कळकळीचं सांगणं: छकुलीला जाड फुगीर जॅकेट घालून पट्टा लावू नकोस. धक्का बसला की जॅकेट दबतं आणि पट्टा सैल होतो. जॅकेट काढायचं, पट्टा घट्ट आवळायचा, आणि मग तेच जॅकेट उलटं वरून पांघरायचं. थंडी वाजेल म्हणून रडेल. रडू दे.

आता जे फोनवर बोलता आलं नाही ते. तुझ्या भावाला मी अठरा पूर्ण झाल्याबरोबर मार्केट कमिटीच्या मैदानात जीप शिकवली. तू कट्ट्यावर बसून बघायचीस. एकदा विचारलंस, "आप्पा, मला?" मी म्हणालो, "तुला काय करायचंय?" तू परत विचारलं नाहीस. डेपोत हजारो गाड्या माझ्या हाताखालून गेल्या आणि माझ्या लेकीच्या हातात मी एकदाही स्टिअरिंग दिलं नाही. तू तिकडे जाऊन, उजव्या बाजूच्या रस्त्यावर, पोटच्या पोरीला सांभाळत लायसन काढलंस. त्या दिवशी तू फोटो पाठवलास आणि मी फक्त अंगठा दाखवला. मला तेव्हाच हे लिहायला हवं होतं.

म्हणून गाडी जावईबापूंनी एकट्याने चालवून पसंत करायची नाही. त्यांचं ऑफिस घरून आहे. बर्फात सकाळी छकुलीला सोडायला तू जाणार, ४०१ नंबरच्या महामार्गावर कामाला तू चढणार. तूच चालव. सीट तुझ्या उंचीला लाव, बॉनेटचं टोक दिसतं का, मागच्या कोपऱ्यात आंधळी जागा किती आहे, ते तुझ्या डोळ्यांनी बघ. रेडिओ बंद ठेव. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाब, गाडी एका बाजूला ओढते का बघ. ४०१ वर शंभरच्या वेगात शिरताना तुला धीर वाटला पाहिजे. तो वाटला नाही तर बाकी सगळं बरोबर असूनही ती गाडी घेऊ नकोस.

शनिवारी तुम्ही बघायला जाणार आहात ना? तुमचे सकाळचे ११ म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. मी लवकर जेवून घेतो. व्हिडिओ कॉल लाव, पण मला गाडी पुढून दाखवू नकोस. मोबाईलचा टॉर्च लावून हात गाडीखाली घाल आणि डाव्या पुढच्या चाकापासून हळूहळू मागे ने. मी सांगेन तिथे थांब.

तुझे,
आप्पा