बाबा, ती झोपेची टेस्ट करून घ्या

ती. बाबा आणि आई, सा. न.

मी मजेत आहे, इकडे अमेरिकेत ग्रीन बेमध्ये गुडघाभर बर्फ पडलाय. बाबा, आज मुद्दाम तुमच्यासाठी लिहितोय, आई, तू मोठ्याने वाचून दाखव.

आमच्या मिलमध्ये एक म्हातारे काका आहेत, ते दर शुक्रवारी ९२ नंबरची जुनी हिरवी जर्सी घालून येतात, धुवून धुवून त्या नंबरची कड पार उसवलीय. ती रेजी व्हाइटची, इथल्या टीमचा जुना फुटबॉल खेळाडू. इकडचा फुटबॉल म्हणजे हातात बॉल घेऊन पळायचा, आणि बॉल फेकणाऱ्याला फेकायच्या आत आडवं केलं की त्याला सॅक म्हणतात, याने असे १९८ केले! वजन १३५ किलोच्या आसपास, समोरचाही तेवढाच, तरी एका हाताने काखेखालून असा उचलून बाजूला टाकायचा की तालमीतलं कोणी बघितलं तर वा म्हणेल. आणि हा माणूस वयाच्या १७व्या वर्षापासून चर्चमध्ये प्रवचन करायचा. इंग्रजीत मिनिस्टर म्हणजे मंत्री पण आणि पाद्री पण, म्हणून लोक त्याला 'मिनिस्टर ऑफ डिफेन्स' म्हणायचे. मला तर लगेच तुम्हीच आठवलात, लाल मातीत घुमायचात आणि गळ्यात माळ, एकादशी कधी चुकवली नाहीत.

१९९३ मध्ये तो फिलाडेल्फियाची टीम सोडून या छोट्याशा गावाच्या टीममध्ये आला, तेव्हा कोणाला खरं वाटेना, देवानेच इकडे जा सांगितलं असं तो म्हणायचा. जानेवारी १९९६ मध्ये टेनेसीतलं त्याचं चर्च जाळलं कोणीतरी, तर इथल्या लोकांनी पैसे पाठवले, या काकांनी पण पाठवले होते, सांगताना डोळे भरून आले त्यांचे. पुढच्याच वर्षी त्याने टीमला सुपर बोल, म्हणजे इकडच्या फुटबॉलची सगळ्यात मोठी फायनल, जिंकून दिली, त्या मॅचमध्ये तीन सॅक. त्याचं सगळंच मला पटतं असं नाही, १९९८ मध्ये इथल्या विधानसभेत वंशांबद्दल आणि समलिंगी लोकांबद्दल जे बोलला त्याने बरेच लोक दुखावले, धर्म सांगणाऱ्याने तसं बोलायला नको होतं.

पण बाबा, २६ डिसेंबर २००४ ला, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. वय फक्त ४३. सारकॉइडोसिस नावाचा आजार होता, त्यात फुप्फुसात वगैरे सूज येऊन बारीक गाठी होतात, आणि झोपेत श्वास अडकायचा ते स्लीप ॲप्निया पण होतं, त्याचाही हात असावा असं डॉक्टर म्हणाले. त्याच्या बायकोने नंतर झोपेच्या याच आजारासाठी काम सुरू केलं.

दिवाळीत आलो तेव्हा मी तुमच्या शेजारी झोपलो होतो ना, तुम्ही घोरता घोरता मधेच एकदम गप्प व्हायचात, मी मोबाईलच्या उजेडात मोजत बसलो, एक दोन तीन करत वीसपर्यंत, मग दचकून मोठा श्वास घ्यायचात. पैलवान माणसाला काय होतंय असं म्हणू नका. दादाला सांगितलंय, तो सोमवारी अपॉइंटमेंट घेईल, रात्रभर वायरी लावून झोपायचं असतं, दुखत नाही काही. आई, तू सोबत जा आणि रिपोर्टचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठव.

तुमचा,
बाळू